तळघरातलं कुलूप

माझा हात चटकन उठतो. हे मी कौतुकानं सांगत नाही, पण लपवतही नाही. काळेवाडीत पत्र्याच्या खोल्यांमध्ये वाढलो. वडील फाउंड्रीत होते. भट्टीसमोर आठ तास भाजून घरी यायचे आणि भाजीत मीठ कमी पडलं तरी कमरेचा पट्टा काढायचे. शाळेत मी दोघांचे दात पाडले. पुढे युनियनच्या भांडणात एकाचं मनगट मोडलं आणि स्वतःच्या दोन बरगड्या मोडून घेतल्या. बायकोवर कधी हात टाकला नाही, एवढं एक पुण्य गाठीला आहे. पण ताटं भिंतीवर फेकली आहेत, आणि ती प्रत्येक वेळी तिनंच उचलली आहेत.

नोकरी चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, मेन्टेनन्सला. गाड्यांच्या दरवाजांचे पत्रे दाबायच्या अवजड प्रेसा. पत्रा ठेवायचा, प्रेस खाली येते, दरवाजा तयार. मध्ये हात राहिला तर प्रेसला पत्रा आणि हात यातला फरक कळत नाही. मी तीन हात गेलेले पाहिले आहेत. त्यातला एक मी स्वतः फडक्यात गुंडाळून ॲम्ब्युलन्समध्ये ठेवला होता.

म्हणून आमच्याकडे एक नियम होता आणि दर सोमवारी तो मी नव्या माणसांना शिकवायचो. मशीनमध्ये कोणाचाही हात जाणार असेल तर आधी मेन स्विच पाडायचा, त्याच्या भोकात आपलं कुलूप घालायचं आणि चावी आपल्या खिशात ठेवायची. प्रत्येकाला कंपनी आपापलं लाल कुलूप द्यायची, वर फोटो चिकटवलेला. कुलूप ज्याचं, चावी त्याची. मॅनेजर आला, पोलीस आला, सख्खा बाप आला, तरी द्यायची नाही. एकदा एका चांगल्या पस्तिशीच्या ऑपरेटरनं घाईत आपली चावी दुसऱ्याला दिली, तेव्हा मी सगळ्या लाइनसमोर त्याच्या दोन कानाखाली वाजवल्या. मेमो मिळाला. मला त्याचं काही वाटलं नाही.

रिटायर झाल्यावर पिंपरीत, भर बाजारात, फ्लॅट घेतला. खाली पिठाची गिरणी, औषधांचं दुकान आणि मोबाइलवाला, पहिल्या मजल्यावर जिम, दुसऱ्यावर क्लासेस, चौथ्यापासून वर आम्ही. बिल्डर हिला हिरवी इमारत म्हणायचा. रंगानं ती पिवळी आहे. पण गच्चीवर सोलरच्या काचा आहेत, वापरलेलं पाणी गाळून संडासच्या टाक्यांना येतं, आणि ओला कचरा तळघरातल्या मशीनमध्ये बारीक होऊन त्याचं खत होतं. सुरुवातीला संडासातलं ते पिवळसर पाणी बघून बायका नाक मुरडायच्या. आता त्याच बायका पाहुण्यांना खताच्या कुंड्या दाखवतात.

राहिला तिसरा मजला. तिथे बारा लहान खोल्या आहेत आणि त्या एका संस्थेकडे आहेत. हा मजला द्यायचा या अटीवरच बिल्डरला वर दोन मजले जास्त चढवायला मिळाले होते. मनोरुग्णालयातून बरी होऊन आलेली, पण घरच्यांनी दार बंद केलेली माणसं तिथे राहतात. प्रत्येकाला आपली खोली, आपली शेगडी, आपल्या दाराची किल्ली. त्यांची गोळ्या-औषधं आणि बाकीची काळजी बघायला दिवसभर एक ताई असते. जमेल त्याला इमारतीतच काम मिळतं. कोणी जिने पुसतं, कोणी खत चाळतं. फ्लॅट घेताना हे सगळं कागदावर लिहिलेलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या होत्या. नंतर मात्र आमच्या मीटिंगा फक्त त्याच विषयावर व्हायच्या. इमारतीत त्याला येड्यांचा मजला म्हणायचे. मीही म्हणायचो.

जिममधली पोरं त्या माणसांच्या मागे लागायची. एकाला त्यांनी लिफ्टमध्ये कोंडून तळमजला ते अकरावा असं सात वेळा फिरवलं होतं. तो लिफ्टमध्येच ओकला, आणि ती घाण त्यालाच पुसायला लावली. मी बघितलं. माझा चटकन उठणारा हात त्या दिवशी खिशात होता.

तिसऱ्या मजल्यावरचा एक जण मात्र माझ्या ओळखीचा झाला. चाळिशीचा, मराठवाड्यातला, खांद्यानं रुंद, बोलणं हळू. गच्चीवरच्या सोलरच्या काचा धुवायचं काम त्याच्याकडे होतं. मी एकदा पाय मोकळे करायला वर गेलो, तर त्यानं पाणी मारायच्या आधी स्विच पाडला, कमरेच्या करगोट्यातून एक लाल कुलूप काढून त्याला लावलं आणि चावी परत करगोट्यात अडकवली. कुलपावर त्याचाच फोटो, उन्हानं पांढरा पडलेला. मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"कुठल्या कंपनीत होतास?" मी विचारलं.

"चाकणला, काका. प्रेसवर. ठेकेदाराकडं."

मग त्यानं सांगितलं. त्याचा जोडीदार प्रेसमध्ये अडकलेला तुकडा काढत होता. यानं स्विच पाडला होता, पण कुलूप न लावता पाणी प्यायला गेला. मागून कोणीतरी आलं आणि उत्पादन थांबलंय म्हणून स्विच वर केला. जोडीदाराचे दोन्ही हात कोपरापासून गेले. त्यानंतर याला झोप येईना, मग आवाज ऐकू यायला लागले, मग बायको माहेरी गेली, मग हा दोन वर्षं हॉस्पिटलात. हे सगळं त्यानं काचेवरून फडकं फिरवत सांगितलं.

"तवापासून कुलूप सोडलं न्हाई," तो म्हणाला. "ही खोली गावली म्हणून जगलो बगा. हितनं काढलं तर मला जागा न्हाई कुटं."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलायला लागलो. मीटिंगमध्ये त्याच्या बाजूनं एक शब्द काढला नाही, हेही तेवढंच खरं.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे अकरा. बायको खालून गिरणीतून दळण घेऊन वर येत होती. तिला दमा आहे. मी पाचव्या मजल्यावर दारात उभा होतो, आणि पंखा बंद पडला. फ्रिजची घरघर थांबली. लगेच लिफ्टच्या खोबणीतून, खूप खालून, दारावर हात आपटल्याचा आवाज आला आणि तिची हाक आली. लाइट गेली तरी लिफ्ट बॅटरीवर जवळच्या मजल्याला टेकावी अशी सोय होती, पण ती चार महिने बिघडली होती आणि ती कोणी दुरुस्त करून घ्यायची यावर आमची भांडणं चालू होती.

मी जिना उतरत सुटलो. प्रत्येक मजल्यावर तिचं आपटणं जवळ येत होतं. लिफ्ट तळमजला आणि पहिल्याच्या मध्ये अडकली होती. मी ओरडलो, "आलो, आलो," आणि तसाच तळघरात गेलो, कारण मेन स्विच तिथे. वाटेत वॉचमनच्या खोलीजवळ पडलेला मोठा पाईप पाना हातात घेतला. का घेतला? स्विच अडकला असेल म्हणून, असं मी नंतर पोलिसांना सांगितलं. खरं कारण मला सांगता येत नाही.

पॅनेलच्या पुढे, रॅम्पवरून येणाऱ्या उजेडात, गच्चीवर काचा धुणारा तो उभा होता, पाठ पॅनेलला टेकवून. दांडा खाली पाडलेला, आणि त्यात लाल कुलूप.

"चावी दे," मी म्हणालो.

"न्हाई देत, काका. मावशीचा हात मशीनमधी अडकलाय. मशीनचं बटन खराब हाय. लाईट आली की मशीन फिरती."

मावशी म्हणजे आमच्याकडे कचरा नेणारी बाई, खताच्या मशीनवर काम करणारी. मशीनची खोली तळघराच्या पार टोकाला, भिंतीआड. तो हे मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलला. मला पहिला शब्द कळला आणि शेवटचाही कळला. कुलूप तर बघताक्षणी कळलं होतं. सव्वीस वर्षं मी दुसरं काय शिकवलं होतं?

आणि त्याच वेळी वरचं आपटणं थांबलं. हाकही थांबली. तिचा श्वास कोंडला, ती गेली, एवढंच माझ्या डोक्यात आलं, आणि मी पाना फिरवला.

पहिला फटका खांद्यावर बसला. तो वाकला, पण पॅनेलपासून हलला नाही. दुसरा जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी कंपनीत ऐकला आहे, तो लगेच ओळखता येतो. तोवर मागून जिममधले चौघे-पाच जण आणि गिरणीवाला आले होते. तो रक्तानं भरलेल्या तोंडानं परत तेच म्हणाला, मावशीचा हात, मशीन. मग त्यांनीही सुरुवात केली. लाथा, डंबेलच्या दांड्या, गिरणीवाल्याच्या हातातलं लोखंडी माप. तो खाली बसला, पण त्यानं हात डोक्यावर घेतले नाहीत. एका हातानं त्यानं पॅनेलचा दांडा धरून ठेवला होता आणि दुसऱ्यानं कमरेचा करगोटा. त्या हातावर मी पाय दिला. बोटं सुटेपर्यंत दिला. तो बेशुद्ध झाल्यावर मी करगोटा तोडून चावी घेतली, कुलूप काढलं आणि दांड्यावर हात ठेवला.

"बंद ठेवा. बंद ठेवा, काका, पाया पडते."

तिसऱ्या मजल्याची ताई भिंतीआडून पळत येत होती. तिची ओढणी आणि दोन्ही हात कोपरापर्यंत रक्तानं माखले होते. ती इतका वेळ आत मावशीला मिठीत धरून उभी होती. मावशीचा हात मशीनच्या पात्यांत होता आणि ती शुद्ध हरपून ताईच्या खांद्यावर पडली होती. यानंच आधी ताईला फोन करून खाली बोलावलं, तिच्याकडे मावशीला सोपवलं आणि मग तो पॅनेलसमोर जाऊन उभा राहिला होता. ताईला बाहेरची मारहाण ऐकू येत होती, पण मावशीला सोडून येता येत नव्हतं. कुलूप निघाल्याचा आवाज आल्यावर तिनं नुकत्याच आत डोकावलेल्या एका पोराच्या अंगावर मावशीला लोटलं आणि ती धावली.

मी दांड्यावरचा हात काढला.

मशीन खोलून मावशीचा हात काढायला पाऊण तास लागला. ते काम मीच केलं, कारण येत मलाच होतं. तिची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, पातं आणखी एकदा फिरलं असतं तर कोपराखाली काही राहिलं नसतं. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता, तीन बरगड्या, आणि मी पाय दिलेल्या हाताची चार बोटं. बायकोला तर वॉचमननं कधीच दार उघडून बाहेर काढलं होतं. ती पहिल्या मजल्यावर पायरीवर पाणी पीत बसली होती. मी रक्तानं भरलेला तिच्यासमोर गेलो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

पोलीस आले. आम्ही सगळ्यांनी एकच सांगितलं: तो काही बोललाच नाही, नुसता कुलूप लावून उभा होता, बायका-माणसं लिफ्टमध्ये अडकलेली, झटापट झाली. मी सांगितलं, मग बाकीच्यांनी सांगितलं. त्याचा जबडा तारेनं बांधलेला, त्याला बोलता येत नव्हतं. ताईनं ऐकलं होतं, पण तिचं कोण ऐकतो? ती संस्थेची, म्हणजे त्यांचीच.

पंधरा दिवसांनी सोसायटीची मीटिंग लागली. विषय एकच, त्याला इमारतीतून काढावं असं संस्थेला लेखी कळवायचं. इतक्या जणांच्या सह्या गेल्या तर संस्था त्याला ठेवू शकली नसती, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं की त्याला दुसरी जागा नाही.

मीटिंगच्या आदल्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, "उद्या काय सांगणार आहात?"

"जे पोलिसांना सांगितलं तेच."

ती भाकरी मोडत होती. "लिफ्टच्या खोबणीतून तळघरातलं सगळं वर ऐकू येतं," ती म्हणाली. "तो काय बोलला ते मला ऐकू आलं. मावशीचा हात मशीनमध्ये आहे म्हणाला. म्हणून मी आपटायचं थांबवलं. म्हटलं, माझ्यासाठी घाई करून कोणी लाइट चालू करायला नको. गप्प बसले, खाली बसून हळूहळू श्वास घेत राहिले. आणि मग तुमचा मारतानाचा आवाज ऐकू आला."

मी ताट उचललं. भिंतीवर फेकायला उचललं होतं, हे तिलाही कळलं. ती म्हणाली, "फेका." मी ते खाली ठेवलं. तिच्या ज्या शांततेनं माझं डोकं फिरलं, ती शांतता तिनं मावशीसाठी ठेवली होती. दम्याच्या बाईला अंधारात जे कळलं ते मला उजेडात, ऐकून, समजून कळलं नाही. कळलं नाही असंही नाही. कळलं आणि मारलं.

मीटिंग पार्किंगमध्ये होती. चेअरमन म्हणजे ज्यांची ही जागा होती त्या जुन्या घरातला, गळ्यात साखळी, पण माणूस वाईट नाही. तो म्हणाला, "आमी जागा दिली ती काय असल्या गोष्टीसाठी न्हाई दिली. अख्ख्या बिल्डिंगची लाइट बंद करतो, बोलत न्हाई, सांगत न्हाई. उद्या कुणाचा जीव जाईल. काका कंपनीत मेन्टेनन्सला होते, त्यांनाच विचारा, असं कुणी करतं का?"

मी उभा राहिलो. सांगितलं की असंच करतात. असंच करायचं असतं, मी स्वतः शिकवायचो. चावी दुसऱ्याला दिली म्हणून मी एकाला मारलं होतं आणि यानं दिली नाही म्हणून याला मारलं. मग सांगितलं की तो बोलला होता. मावशीचं नाव घेऊन, मशीनचं नाव घेऊन बोलला होता, आणि मला स्वच्छ ऐकू आलं होतं. पहिला फटका त्यानंतरचा आहे. पोलिसांना मी खोटं सांगितलं.

मला वाटलं होतं गोंधळ होईल, लोक माझ्या अंगावर येतील. पण जिममधला एक जण, डंबेलची दांडी ज्याच्या हातात होती तो, खाली बघत म्हणाला, "माहितीये काका. आम्हालापण ऐकू आलं होतं."

गिरणीवाल्यानं मान हलवली. बाकीचे आपापल्या मोबाइलकडे बघत होते. चेअरमननं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "राहू द्या मग," तो म्हणाला. ठराव मांडलाच गेला नाही. मी पोलीस चौकीत जाऊन नवा जबाब लिहून दिला. केस चालू आहे, तारखा पडतात, मी जातो. जे होईल ते होईल.

तो हॉस्पिटलातून परत आला तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. ताई त्याच्या खोलीच्या दारातच होती. आत तो कॉटवर बसून चमच्यानं खिमट खात होता. मी चप्पल काढली आणि हात जोडायला वर घेतले. वाटी जमिनीवर पडली. तो कॉट आणि भिंतीच्या मधल्या जागेत शिरला आणि यावेळी त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले. तोंडातून नुसता घशातला आवाज येत होता.

"काका, तुम्ही जा," ताई म्हणाली. मी गेलो.

आठवडाभरानं तीच आमच्याकडे आली. उभ्याउभ्याच बोलली. म्हणाली, तो आठ दिवस खोलीबाहेर पडलेला नाही. जिन्यात पावलं वाजली की कोपऱ्यात जातो. गोळ्या वाढवल्या आहेत. "तो म्हणतो, खोली सोडायची नाही. पण तुम्ही इथे आहात तोवर त्याला राहता येणार नाही. त्याला दुसरीकडे अशी खोली मिळायला वर्ष जाईल, तोवर शेल्टरमध्ये, वीस जणांच्या हॉलमध्ये राहावं लागेल. मी तुम्हाला जा असं म्हणत नाही. मला तो अधिकार नाही. फक्त सांगायला आले."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "थेरगावला लेकीकडे वरची खोली रिकामी आहे. ती कधीपासून बोलावते आहे. आपण जाऊ."

मला माहीत होतं की आम्ही जाऊ शकतो. डांगे चौकापासून दहा मिनिटांवर घर आहे, लेक आहे, जावई चांगला आहे, नातवंडं आहेत. मी म्हणालो, "माझं घर आहे हे. आयुष्यभर पत्र्याखाली राहून घेतलंय. मी चूक कबूल केली, सगळ्यांसमोर केली, पोलिसात केली. अजून किती करायचं?" आवाज चढला होता. तिनं परत विषय काढला नाही.

तो गुरुवारी सकाळी गेला. एक बॅग आणि एक बादली. लिफ्ट चालू होती, पण तो जिन्यानं उतरला. ताईनं मला आधीच सांगून ठेवलं होतं की त्या वेळी दाराबाहेर येऊ नका, म्हणून मी दार लावून आत बसलो होतो. बायको डबा घेऊन खाली गेली, रिक्षापर्यंत गेली, आणि परत येताना पाच मजले चढून आली. धापा टाकत खुर्चीत बसली, पंप ओढला. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं. काय बोलला, असं मी विचारलं. ती म्हणाली, जबडा अजून नीट उघडत नाही त्याचा.

मला लाज वाटते. रोज वाटते. तिसऱ्या मजल्यावर आता दुसरं कोणीतरी राहायला आलं आहे, आणि मी अजून पाचव्यावरच आहे.